नंदिग्राम आणि सेवाग्राम

महाभारताच्या शांतिपर्वांत युधिष्ठिर भीष्मांस एक प्रश्न विचारतो. तो इतका साधा आहे कीं, वर्गांत एखाद्या चुणचुणीत मुलानें विचारला असता तर आम्हीं त्याची पाठ थोपटली असती. राजालाही इतरांसारखेच दोन हात, दोन डोळे, तींच सुखदुःखें आणि तेंच मरण. मग तो एकटा इतक्या शूर आणि शहाण्या माणसांवर राज्य कसें करतो? भीष्म उत्तर देतांना फार मागें जातात. कृतयुगाच्या आरंभीं राज्य नव्हतें, राजा नव्हता, दंड नव्हता आणि दंड करणाराही नव्हता. लोक धर्मानेंच एकमेकांचें रक्षण करीत. पुढें मोह शिरला, मागून लोभ आला, आणि मग राजाची गरज उत्पन्न झाली. राजधर्माचें एवढें विस्तृत विवेचन आमच्या पूर्वजांनीं राज्य नसलेल्या समाजाच्या आठवणीपासून सुरू करावें, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटत आलें आहे.

युरोपांत विद्येचें पुनरुज्जीवन झालें त्या काळांतील पंडितांसही आदर्श समाजाच्या विचारानें असेंच पछाडलें होतें. आमचा आदर्श समाज गेलेल्या युगांत होता; त्यांनीं तो समुद्रापलीकडे नेऊन ठेवला, एवढाच काय तो भेद. १५१६ सालीं थॉमस मोर या इंग्रज विद्वानाचा ‘यूटोपिया’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. या ग्रीक घडणीच्या नांवाचा अर्थच मुळीं ‘नसलेलें ठिकाण’ असा आहे. त्या बेटावर चौपन्न नगरें आहेत. कोणाची खासगी मालमत्ता नाहीं, दारांना कुलपें नाहींत, आणि दर दहा वर्षांनीं चिठ्ठ्या टाकून घरें बदलावीं लागतात. प्रत्येक स्त्रीपुरुषास शेती आलीच पाहिजे. शिवाय विणकाम, गवंडीकाम, लोहारकाम असा एखादा धंदाही आला पाहिजे. काम दिवसाचे सहा तास. सोन्याची तेथें इतकी अप्रतिष्ठा कीं, त्याचीं मूत्रपात्रें आणि गुलामांच्या बेड्या घडवितात. हा मजकूर आम्हीं घरीं वाचून दाखविला तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं एकदां स्वतःच्या पाटल्यांकडे पाहिलें आणि त्या कांहींच बोलल्या नाहींत.

परंतु बेड्या आल्या म्हणजे गुलाम आले, आणि येथें वाचकानें थोडें थांबलें पाहिजे. यूटोपियांत गुलाम आहेत. परवान्यावांचून दुसऱ्या नगरास जातां येत नाहीं. दुसऱ्यांदां तो अपराध घडल्यास जाणाराच गुलाम होतो. आणि तें बेट मूळचें बेट नव्हतेंच. यूटोपस नांवाच्या एका राजानें तो प्रदेश जिंकला, आणि पंधरा मैलांची जमीन खणून समुद्र आंत घेतला, तेव्हां तें बेट झालें. म्हणजे लोभाला कायमची रजा देणारा हा समाज मुळांत एका जेत्याच्या तलवारीनें घडलेला आहे. मोर ही गोष्ट लपवीत नाहीं. तो वकील होता, न्यायासनावर बसलेला होता. राज्य हातीं आल्यावांचून खंदक खणले जात नाहींत हें त्याला ठाऊक होतें.

त्या ग्रंथाचा पहिला भाग आम्हांस दुसऱ्यापेक्षां अधिक आवडतो, कारण त्यांत वाद आहे. शहाण्या माणसानें राजाची चाकरी पत्करावी कीं नाहीं, हा तो वाद. बेट पाहून आलेला प्रवासी म्हणतो, दरबारांत सत्य ऐकणारें कोणी नसतें. तेथें जाऊन शहाण्यानें आपलें शहाणपण मात्र बाटवावें. त्यावर मोर स्वतःच्या नांवानें उत्तर देतो कीं, वारा आपल्या हातांत नाहीं म्हणून वादळांत जहाज सोडून उडी टाकतां येत नाहीं. चांगलें करतां आलें नाहीं, तर निदान वाईट कमी होईल असें पाहावें. या दोघांत जिंकला कोण, हें ग्रंथांत ठरत नाहीं. मोरनें आपल्यापुरता निर्णय केला, आठव्या हेन्रीची सेवा पत्करली आणि १५२९ सालीं तो राज्याचा चॅन्सेलर झाला. राजाच्या घटस्फोटाचें आणि धर्मसत्तेचें प्रकरण विकोपास जातांच १५३२ सालीं त्यानें पद सोडलें, आणि ६ जुलै १५३५ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला.

फ्लॉरेन्सच्या मॅकिआव्हेलीनें याच सुमारास, १५१३ सालीं, आपला ‘प्रिन्स’ लिहिला. कोणीं कधीं न पाहिलेल्या राज्यांचीं वर्णनें करण्यापेक्षां असलेलें राज्य कसें मिळतें आणि कसें टिकतें तें पाहावें, असा त्याचा रोख होता. त्याला आमच्याकडे कौटिल्याचा भाऊबंद म्हणण्याची रीत पडली आहे. आम्हांस ती पसंत नाहीं. कौटिल्य पहिल्याच अधिकरणांत राजाला विनय आणि इंद्रियजय शिकवितो, आणि मगच हेर, कोश व सैन्य त्याच्या हातीं देतो. पण तो निराळा विषय आहे. कांपानेला नांवाच्या इटालियन संन्याशाचें मात्र आम्हांस विशेष कौतुक वाटतें. राजद्रोहाच्या आरोपावरून त्यानें सत्तावीस वर्षें तुरुंगांत काढलीं, आणि १६०२ सालीं कोठडींत बसून ‘सूर्यनगरी’ रचली, जींत सर्वांत ज्ञानी पुरुषच राजा होतो.

हीं पुस्तकें आम्हीं मॅट्रिकच्या इंग्रजीच्या बळावर, कोश मांडीवर घेऊन, सेवानिवृत्तीनंतर वाचलीं. वर्धा जिल्ह्यांतील माणसास त्यांत फारसें अडखळावें लागत नाहीं, कारण असल्या बेटाचा एक प्रयोग आमच्या दाराशींच होऊन गेला आहे.

१९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचें ठाणें वर्ध्यास मगनवाडींत पडलें. त्याच वर्षीं गांधीजींनीं काँग्रेसचें सभासदत्व सोडलें होतें. ३० एप्रिल १९३६ रोजीं ते वर्धा स्टेशनपासून आठेक किलोमीटरांवर असलेल्या शेगांव या खेड्यांत राहावयास गेले. घर त्याच भागांतील साहित्यानें आणि तेथल्याच मजुरांनीं बांधावें, खर्च शक्य तितका कमी व्हावा, ही त्यांची अट होती. बुलढाणा जिल्ह्यांतील गजाननमहाराजांच्या शेगांवाशीं घोटाळा होऊन टपाल तिकडे जाई, म्हणून १९४० सालीं नांव बदलून सेवाग्राम केलें. मोरच्या बेटाला नांव मिळालें तें जेत्याचें. आमच्या गांवाला मिळालें तें टपालखात्याच्या सोयीमुळें. यांतही कांहीं अर्थ असावा.

आम्हां शिक्षकांस त्या प्रयोगाचा जो भाग जवळचा वाटतो, तो अर्थात् शिक्षणाचा. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली, आणि ‘वर्धा योजना’ या नांवानें ती साऱ्या देशास माहीत झाली. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, तें मातृभाषेंतून, आणि सर्व विषयांच्या मध्यभागीं एक हस्तव्यवसाय. शाळेचा खर्च मुलांच्या कामांतून निघावा, या कलमावर तेव्हांही पुष्कळ वाद झाला, आणि तो वाद खोटा नव्हता. मुलाच्या हाताची किंमत एकदां काढली म्हणजे ती वाढविण्याचा मोह कोणास होणार नाहीं? परंतु तकलीवरून गणित, गणितावरून कापूस, कापसावरून भूगोल आणि भूगोलावरून मॅंचेस्टरपर्यंत जाणारा पाठ ज्यानें मन लावून घेतला असेल, तो त्या योजनेची थट्टा करणार नाहीं. आम्हीं स्वतः चौथीच्या वर्गावर असे पाठ घेतले आहेत. कापूस आमच्या जिल्ह्यांत शोधावा लागत नाहीं.

आतां सत्तेकडे वळूं. सेवाग्रामला जाणाऱ्या यात्रेकरूस तेथें इतर वस्तूंबरोबर एक जुना टेलिफोन दाखवितात. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या कारकीर्दींत, सरकारला गांधीजींशीं तत्काळ बोलतां यावें म्हणून, तो तेथें बसविला गेला. लोक तो पाहतात आणि पुढें जातात. आमच्या मतें त्या आश्रमांतील सर्वांत बोलकी वस्तू तीच होय. मातीची भिंत, बांबूचें छत, दारीं ना शिपाई ना पट्टेवाला, आणि तरीही साम्राज्याची तार त्या भिंतीपर्यंत आली. सत्ता सोडून माणूस खेड्यांत गेला तर सत्ता त्याच्या मागोमाग खेड्यांत येते, हें लिनलिथगोसाहेबांच्या इंजिनिअरांस आमच्या भक्तमंडळींपेक्षां अधिक नीट समजलें असावें.

जुन्या मध्यप्रांतांतील वडीलधाऱ्या माणसांस डॉ. ना. भा. खरे यांचें प्रकरण शेवटपर्यंत विसरतां आलें नाहीं. १९३७ सालीं डॉ. खरे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे मुख्य झाले. मंत्रिमंडळांत महाकोशलची हिंदी बाजू आणि नागपूर-वऱ्हाडची मराठी बाजू यांचें जमेना. जुलै १९३८ मध्यें डॉ. खरे यांनीं राजीनामा दिला. महाकोशलच्या तिघां मंत्र्यांनीं देण्याचें नाकारलें. गव्हर्नरांनीं त्या तिघांस काढून डॉ. खऱ्यांस नवें मंत्रिमंडळ बनवूं दिलें. काँग्रेसश्रेष्ठींच्या दृष्टीनें ही शिस्तीची पायमल्ली होती. वर्ध्यास बैठकी झाल्या, डॉ. खरे यांस पुन्हां राजीनामा द्यावा लागला, कार्यकारिणीनें त्यांस दोषी ठरविलें, आणि पं. रविशंकर शुक्ल त्यांच्या जागीं आले. या घाईगर्दींत डॉ. खरे यांस शेगांवच्या झोपडींत जाऊन गांधीजींना भेटावें लागलें. एका निवेदनाचा मसुदा झाला, गांधीजींनीं त्यांत फेरफार सुचविले, आणि डॉ. खरे यांनीं तें निवेदन दिलें नाहीं.

या प्रकरणांत न्याय कोणाचा, हें आज आम्ही सांगूं इच्छीत नाहीं. गव्हर्नराच्या मदतीनें सहकाऱ्यांस काढणें हें आम्हांसही शोभेसें वाटत नाहीं. प्रश्न निराळा आहे. नागपुरांत कायदेमंडळ होतें, मतदार होते, गव्हर्नर होता. आणि मंत्रिमंडळाचें भवितव्य ठरलें तें पंचाहत्तर किलोमीटरांवर वर्ध्यास, आणि त्या निर्णयाचा एक धागा जाऊन पोंचला तो, काँग्रेसचा सभासदही नसलेल्या एका महापुरुषाच्या झोपडीशीं. राजाला जाब विचारतां येतो, मंत्र्यावर अविश्वास आणतां येतो. ज्याच्याजवळ पदच नाहीं, त्यास कोणत्या सभागृहांत प्रश्न विचारावा? निरिच्छ माणसाची सत्ता सर्वांत शुद्ध असते, हें आम्ही मानतों. परंतु ती सर्वांत कमी तपासली जाते, हेंही तितकेंच खरें आहे.

खुद्द गांधीजींस हा पेंच दिसत होता, असें त्यांच्या शेवटच्या लेखावरून वाटतें. २९ जानेवारी १९४८ रोजीं, मृत्यूच्या आदल्या दिवशीं, त्यांनीं काँग्रेस विसर्जित करून तिचा लोकसेवक संघ करावा, असा मसुदा तयार केला. मार्च १९४८ मध्यें सेवाग्रामला त्यांचे अनुयायी जमले. नेहरू होते, राजेंद्रप्रसाद होते, विनोबा, कृपलानी, जयप्रकाश होते. त्यांतून सर्वोदय समाज निघाला. काँग्रेस काँग्रेसच राहिली. जणुं मोर आणि त्याचा प्रवासी यांनीं वाद मिटविण्याऐवजीं घर वांटून घेतलें: एकानें दिल्ली घेतली, दुसऱ्यानें खेडें. वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अगरवाल यांनीं १९४६ सालींच ग्रामपंचायतींच्या पायावर उभी असलेली एक गांधीवादी राज्यघटना लिहून ठेवली होती. घटनासमितीनें ती घेतली नाहीं. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणांत डॉ. आंबेडकरांनीं खेड्याच्या गोडव्यांवर जो कठोर प्रहार केला, तो आमच्यासारख्यांनीं शांतपणें पुन्हां वाचावा असा आहे. ज्या पाणवठ्यावर आम्हांस सहज पाणी मिळे, त्याच पाणवठ्यावर ज्यास मिळत नव्हतें, त्याला ग्रामराज्य या शब्दाची भीति वाटली तर त्यांत त्याचें काय चुकलें? शेवटीं खेडें घटनेच्या चाळिसाव्या अनुच्छेदांत, मार्गदर्शक तत्त्व म्हणून, बसलें. त्यास कायद्याचे हातपाय फुटले ते १९९३ सालीं, त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनें.

विनोबांनीं ‘स्वराज्यशास्त्र’ ही लहानशी पोथी तुरुंगांत लिहिली, म्हणून कांपानेलाचें नांव वाचलें कीं आम्हांस त्यांची आठवण होते. राज्य एकाचें, कांहींचें कीं सर्वांचें, अशी सूत्रबद्ध मांडणी तींत आहे. संस्कृत शिकलेल्या माणसास ती वाचतांना घरीं आल्यासारखें वाटतें. पण विनोबांच्या एका शब्दाचें जें झालें, तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. १९७५ सालीं आणीबाणी पुकारली गेली तेव्हां ते पवनारला एक वर्षाच्या मौनांत होते. त्या मौनांत त्यांच्याकडून ‘अनुशासनपर्व’ हा शब्द बाहेर आला, आणि सरकारनें तो उचलला. आम्ही तेव्हां हायस्कुलांत होतों. भिंतीभिंतींवर तो शब्द रंगविलेला दिसे. आमच्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांनीं एके दिवशीं तो फळ्यावर लिहिला आणि त्याची फोड केली. शास् हा धातु, अनु हा उपसर्ग. पतंजलींनीं व्याकरणास शब्दानुशासन म्हटलें, कारण व्याकरण शब्दांस हुकूम करीत नाहीं, त्यांच्या मागून चालतें. तैत्तिरीय उपनिषदांत अध्ययन संपलेल्या शिष्यास आचार्य उपदेश करतात, त्यासही अनुशासनच म्हटलें आहे. ‘शिपाई करतो तें शासन,’ शास्त्रीबुवा म्हणाले, आणि तेवढ्यांत व्हरांड्यांत कोणाचीं तरी पावलें वाजलीं. त्यांनीं फळा पुसला आणि ‘रामः रामौ रामाः’ म्हणावयास लावलें. आम्ही दहावीच्या वर्गांत होतों. रामाचीं रूपें आम्हांस पांच वर्षांपूर्वींच पाठ झालेलीं होतीं.

विनोबांनीं मौन सुटल्यावर हाच भेद स्पष्ट केला: सत्तेचें तें शासन, आचार्यांचें तें अनुशासन. जानेवारी १९७६ मध्यें पवनारला आचार्यांचें संमेलन भरलें, त्यांनीं देशाचा व्यवहार पूर्ववत् करावा असें सुचविलें, आणि आणीबाणी त्यानंतरही वर्षभर चालली. ज्यानें आयुष्यभर सत्तेस शिवून घेतलें नाहीं, त्याचा शब्द सत्तेनें न विचारतां वापरला, आणि परत मागावयास गेल्यावर दिला नाहीं.

त्याच पवनारच्या टेकडीवर, धाम नदीच्या कांठीं, एक पाषाणशिल्प आहे. पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचें मत होतें; इतर विद्वान् दुसऱ्या जागाही सांगतात. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें देतांना विनोबांनीं राम-भरतांच्या भेटीचें चित्र कोणीं तरी काढावें अशी इच्छा बोलून दाखविली होती. पुढें पवनारला जमीन खणतांना त्यांस हें शिल्प सांपडलें, आणि भरत-राम म्हणून त्यांनीं तें स्थापिलें. आम्ही तेथें जातों तेव्हां आमचें लक्ष भरताकडेच लागतें. तोही राजधानी सोडून खेड्यांत जाऊन राहिला; नंदिग्राम हें त्याचें सेवाग्राम. वल्कलें नेसला, फळें-मुळें खाल्लीं, पादुका सिंहासनावर ठेवल्या. पण आपण राज्य करीत नाहीं, असें तो कधीं म्हणाला नाहीं. चौदा वर्षें त्यानें कारभार पाहिला, आणि राम परत येतांच वाल्मीकींच्या युद्धकांडांत तो काय करतो? मिठी सुटते न सुटते तोंच राज्य परत देतो आणि सांगतो कीं, कोश पाहा, कोठारें पाहा, नगर पाहा, सैन्य पाहा. सारें दसपट झालें आहे. कीर्तनकार येथें घाईनें पट्टाभिषेकाकडे वळतात. आम्हांस तो श्लोक रामायणांतील एक मोठा श्लोक वाटतो. मोरच्या बेटावर, कांपानेलाच्या सूर्यनगरींत आणि आमच्या शेगांवांतही ज्याची उणीव भासते, तें त्यांत आहे. सत्ता हातीं होती हें कबूल करून दिलेला हिशेब.

हें सर्व आम्हीं एका माजी विद्यार्थिनीस सांगितलें. तिच्या गांवचें सरपंचपद स्त्रियांसाठीं राखीव निघालें होतें, आणि अर्ज भरावा कीं नाहीं हें विचारावयास ती आली होती. सासरे म्हणत, तूं सही करीत जा, बाकीचें आम्ही पाहूं. आम्हीं तिला वादळांतील जहाजाची गोष्ट सांगितली, मग नंदिग्रामची सांगितली. तिनें शेवटपर्यंत ऐकून घेतलें आणि विचारलें, ‘गुरुजी, भरताला हिशेब घ्यायला राम तरी होता. आमच्या गांवांत घेणारं कोण?’

कायद्याप्रमाणें ग्रामसभा आहे, असें आम्हीं म्हणालों. वर्षांतून चार वेळां तरी ती भरलीच पाहिजे. ती हंसली. ग्रामसभेचें रजिस्टर शिपाई घरोघर फिरवितो आणि बाया दारांत उभ्या राहूनच आंगठा देतात, हें तिनें सांगितलें. आम्हांस तें अगदींच नवीन नव्हतें.

तिनें अर्ज भरला आणि थोड्या मतांनीं ती निवडून आली. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही त्या गांवास एका लग्नाच्या निमित्तानें गेलों होतों. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर काळा रंग देऊन फळा केला होता आणि त्यावर महिन्याचा जमाखर्च खडूनें लिहिला होता. अक्षर तिचें होतें; ‘विद्युत’ ऱ्हस्व दीर्घाच्या बाबतींत अजूनही चुकलेला होता. फळ्यासमोर दोन म्हातारे भांडत होते. रस्त्यावरचे दिवे बदलल्याचा खर्च लिहिला होता, आणि त्यांतल्या एकाचें म्हणणें असें कीं, त्यानें स्वतः रात्रीं फिरून दिवे मोजले आहेत, ते सात नसून सहाच आहेत. दुसरा म्हणाला, सातवा देवळामागें आहे. लग्नाचा मुहूर्त टळत आला होता तरी ते दोघे देवळामागें बघावयास निघाले.